पाखरीचा पाय

कुंभार्ली घाटाच्या अर्ध्यात आमची घोडी पाखरी उभी राहिली. आधी वाटलं, वळणावर मालट्रक आला म्हणून दबकली असेल. ट्रक गेला, त्याचा धूर विरला, तरी ती हलेना. पुढचा उजवा पाय तिनं जमिनीला नुसता टेकवून ठेवला होता. तवा तापलाय का हे बघायला आपण बोट लावतो ना, तसा.

"काय गं, काय झालं?" आत्या तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "हौसे, खूर उचलून बघ. खडा आसंल."

मी खाली बसून खूर मांडीवर घेतला. बोटांनी चाचपला, पदरानं पुसला. खडा नव्हता, काटा नव्हता, भेगही नव्हती.

"काय न्हाय आत्या."

"नीट बघ."

मी परत बघितलं. काहीच नव्हतं.

आम्ही मेंढपाळ धनगर. माण तालुक्यातल्या आमच्या गावाला दिवाळीनंतर रानात गवताची काडी उरत नसे. मग मेंढरं घेऊन घाट उतरायचा, कोकणात कापलेल्या भाताच्या खाचरांतून मेंढरं बसवत फिरायचं. शेतकऱ्याला खत मिळे, आम्हाला धान्य. आणि पाऊस लागायच्या आत घाट चढून परत. मेंढरं, घोड्या, कुत्री, कोंबड्या, लेकरं, भांडीकुंडी असा सगळा चालता संसार, त्याला आम्ही वाडा म्हणतो. पुरुष मेंढरांबरोबर, बायका घोड्यांबरोबर. घोड्यांवर घर लादलेलं असे. घोडी थांबली की घर थांबलं.

त्या साली मी या घरात नवीनच होते. आत्या म्हणजे माझी सासू, कोंडाबाई. वाड्याची कारभारी माणसं पुरुषच असली, तरी घोड्यांचा कारभार तिचा. कोणत्या घोडीवर जातं, कोणत्या घोडीवर कोकरं, कोणती चढाला पुढं घ्यायची, हे तीच ठरवायची. पाखरीवर तिचा विशेष जीव. पाखरीची आई वेताच्या वेळीच मेली होती. आत्यानं शिंगराला मेंढीचं दूध पाजून वाढवलं, स्वतःच्या घोंगडीत घेऊन निजली. वाटेनं चालताना आत्याचा हात कायम पाखरीच्या पाठीवरच्या ओझ्यावर. ओझं कलंडू नये म्हणून धरते, असं आम्ही सगळे समजायचो.

त्या दिवशी आम्ही पाखरीवरचं ओझं उतरवून दुसऱ्या घोड्यांवर वाटलं आणि तिला हळूहळू खाली आणली. आत्या सगळ्यांत शेवटी पोचली. तिचा चेहरा घामानं भिजला होता. मला वाटलं, घोडीच्या काळजीनं.

घाटाच्या पायथ्याला धाकू शिगवण नावाच्या शेतकऱ्याकडं आमचा दरसालचा मुक्काम. माझे थोरले दीर लिंबाजी वाड्याचे म्होरके होते. संध्याकाळी मेंढरं बसवून ते आले, पाखरीचा पाय वर करून त्यांनीही बघितला. माझे मालक, म्हाकू, कंदील धरून शेजारी उभे राहिले.

"मुरगळला आसंल," थोरले म्हणाले. "हळद-मीठ शेका. चार दिस हितंच हाय आपण."

आम्ही शेकलं. चार-पाच दिवसांत पाखरी अशी चालायला लागली, जणू काही झालंच नव्हतं. आत्यानं तिच्या कपाळाला भंडारा लावला, बिरोबाचं नाव घेतलं, आणि आम्ही पुढच्या गावाला निघालो.

दुसऱ्या मुक्कामाला ती परत लंगडली.

त्या हिवाळ्यात असंच चाललं. मुक्काम असला की पाखरी बरी. वाटेला लागलो, दोन-तीन दिवस डांबरी सडक पायाखाली आली, की तोच पाय तसाच टेकलेला. थोरल्यांनी खांद्याला बिब्बा लावला. पाखरी बरी झाली. सगळे म्हणाले, बिब्बा लागू पडला. परत लंगडली. मग विळा लाल करून डाग दिला. मी तिचं तोंड धरलं होतं. केस जळल्याचा वास आला, ती थरथरली, पण पाय झाडला नाही. आत्या पाठ करून उभी होती. डागानंतर ती बरेच दिवस चांगली चालली. थोरले सगळ्यांना सांगत सुटले, की डागाशिवाय जनावराचं दुखणं जात नाही. आणि शिमग्याच्या आसपास एका सकाळी लादणी करताना मी दावं ओढलं, तर पाखरी मान वर-खाली करत एक पाऊल पुढं आली. तेवढ्यावरून मला कळलं.

नुसती लंगडत राहिली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या वेळी वाटायचं. काय ते एकदा ठरून गेलं असतं. ती बरी व्हायची, हाच त्रास होता. दर वेळी आम्ही तिच्यावर पुन्हा ओझं घालायचो. दर वेळी आत्याचा चेहरा उजळायचा.

शेवटी म्हाकू म्हणाले, "आये, चिपळूणला सरकारी डाक्तर हाय. दावू की."

आत्या आणि मी पाखरीला घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते. ते गाई-म्हशींत गुंतलेले, पण घोडी बघून बाहेर आले. त्यांनी पाखरीला मातीवर चालवली, मग दवाखान्यासमोरच्या फरशीवर चालवली, खुरावर ठोकून बघितलं, पाय दुमडून धरला आणि सोडून पुन्हा चालवली. बराच वेळ घेतला त्यांनी. मग आत्याजवळ पायरीवर येऊन बसले.

"मावशी, खुराच्या आत एक लहान हाड असतं. ते झिजत चाललं असावं असं मला वाटतं. बाहेरून काही दिसणार नाही. डाग दिलाय तो खांद्याला, दुखतंय खाली."

"मग सुई द्या."

"सुई देतो. दुखणं दबेल. पण चालली की परत येईल."

"मग काय करायचं?"

"विश्रांती. मऊ जमिनीवर. चांगले पाच-सहा महिने."

डॉक्टरांनी आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. आमची लुगडी, आमच्या काठ्या, आमचं सगळंच त्यांना दिसत होतं.

"तुम्हाला थांबता येत नसेल," ते म्हणाले.

"न्हाय," आत्या म्हणाली. "आन सहा म्हैन्यानं बरी व्हईल?"

"पुष्कळ बरी होईल. पण मावशी, खोटं सांगत नाही. पुन्हा लांब चालवलीत तर पुन्हा हेच."

"औशिद न्हाय याला?"

"माझ्याकडं नाही."

परत येताना आत्या वाटेत दोनदा बसली. पाखरी तिच्या डोक्यावर तोंड धरून उभी राहिली. मी म्हटलं, "आत्या, दमला का?" ती म्हणाली, "घोडीला दम देतीय." मला ते खरं वाटलं.

थोरल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ मार्ग काढला. परतीच्या वाटेवर आम्ही पुन्हा शिगवणाकडं येणारच होतो. तोवर पाखरीला त्याच्या गोठ्यात ठेवायची. धाकू भला माणूस, पोटचं पोर नाही, जनावरावर माया करणारा. तो लगेच हो म्हणाला. त्याची बायको पार्वती पेंढा पसरून वाट बघत होती. आम्ही पाखरीला बांधलं, आत्यानं तिच्याशी काहीतरी बोलून घेतलं, आणि वाडा खाडीकडच्या गावांना गेला.

आठवडाभरानं दुपारी मी भाकऱ्या थापत होते. कुत्री भुंकायला लागली आणि एकाएकी गप्प झाली. वर बघितलं तर बांधावर पाखरी. गळ्यात तुटलेलं दावं, अंगावर काट्यांचे ओरखडे, आणि पुढचा उजवा पाय जमिनीला लागतच नव्हता. तीन पायांवर उड्या घेत ती खाचरातून आली, आम्हा कुणाकडं न बघता पालाकडं गेली आणि आत्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

आत्यानं मागं वळून तिला बघितलं. मला वाटलं, ती हरखेल. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"आगं, कशाला आलीस," ती म्हणाली. "कशाला आलीस गं बाये."

पाखरीचा पाय घोट्यापर्यंत सुजला होता. त्या मुक्कामाला तिला बरं व्हायला पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला. आमचं तिथलं काम संपलं तरी आम्ही थांबलो. पुढच्या गावच्या शेतकऱ्याचा निरोप आला, की मेंढरं येत नसतील तर दुसरा वाडा बघतो. थोरले चिडले नाहीत. ते थकले होते.

वळवाचे ढग दिसायला लागले तसे आम्ही पायथ्याशी शिगवणाकडं आलो. कोकणातला पाऊस मेंढरांना मानवत नाही. खूर कुजतात, लोकर भिजून मेंढरं गारठून मरतात. एक-दोन दिवसांत घाट चढायलाच हवा होता. जेवणं झाल्यावर थोरल्यांनी विषय काढला. उजेड होता अजून. धाकू आणि पार्वतीही बसले होते.

"आये, घोडी घाट चढत न्हाय," थोरले म्हणाले. "आन हितं ठिवली तर दावं तोडून मागं येती. मधीच कुठं तरी पडंल सडकंला."

"मग?"

"बाजारात एक दलाल हाय. घोड्या घेतो."

"कशाला घेतो त्यो?"

सगळ्यांना ठाऊक होतं.

"म्या तिला दूद पाजलंय लिंबा," आत्या म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता.

"मला काय हौस हाय व्हय आये? तूच सांग काय करू. थांबता येत न्हाय, नेता येत न्हाय, ठिवता येत न्हाय."

म्हाकू काडीनं माती उकरत बसले. धाकू म्हणाला, "साखळीन् बांधू काय?" आणि त्याचं त्यालाच ते बरं वाटलं नाही.

मग आत्या म्हणाली, "मी ऱ्हाते हिच्यापाशी."

थोरल्यांना आधी कळलंच नाही. "कुठं ऱ्हातीस?"

"हितं. धाकूच्या गोठ्याच्या पडवीत. मी आसले तर घोडी कुठं जाणार न्हाय. दिवाळीला तुमी याल, तवर तिचा पाय बरा व्हईल."

"म्हातारे," धाकू म्हणाला, "आमच्याकडचा पाऊस तुला ठाऊक नाय. चार-चार म्हयने उघडत नाय."

"बघू की कसा आसतो."

थोरले खूप बोलले. लोक काय म्हणतील, लेकांनी आईला परमुलखात टाकली म्हणतील. घोडीपायी येडी झालीस का, असंही म्हणाले. आत्या हसत होती. शेवटी पार्वती म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्यांना. माझी सोबत होईल." आणि ते ठरलं. त्यात कुणी काही ठरवलं असं मला वाटलं नाही. घोडीचं काय करायचं, याला उत्तर मिळालं, म्हणून सगळे सुटल्यासारखे उठून गेले.

सकाळी लवकर मी पाणी आणायला गेले, तेव्हा आत्या पडवीत एकटी होती. तिला उठायचं होतं. तिनं भिंतीला हात लावला, गुडघा वर केला, आणि तसाच खाली ठेवला. दुसरा वर केला. मग ती चक्क हातांवर पुढं सरकली, पाखरीच्या जवळ गेली, तिच्या पुढच्या पायाला धरलं, मग छातीला, मग आयाळीला, आणि अशी वर आली. पाखरी दुखरा पाय घेऊन दगडासारखी उभी राहिली होती.

माझ्या हातातली कळशी वाजली. आत्यानं बघितलं.

"कवापासनं?" मी विचारलं.

"दोन सालं झाली. ह्या साली लईच."

"आन आमाला..."

"वझं सावरते म्हणून हात ठिवायचे ना मी हिच्या पाठीवर. वझं कशाचं सावरतीय. तिच्या आधारानं चालत व्हते. ती लंगडायला लागली, तवा माजंबी उघडं पडाय लागलं."

मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, थोरल्यांना सांगू, चिपळूणच्या दवाखान्यात दाखवू, दुसऱ्या घोडीवर बसवून नेऊ. ती मान हलवत राहिली.

"घोडीवर बसवतील, तेवढं वझं बाकीच्या जणींच्या डोक्यावर. न्हाय तर यष्टीत घालून गावाला धाडतील. मग दरसाली वाडा निघंल, आन मी दारात बसून बघायची. आन हिला दलाल न्हेईल. त्यापरीस दोघींचं हितं एका जागी निभंल."

"मग मी ऱ्हाते तुमच्यापाशी."

"तू ऱ्हायलीस तर म्हाकू ऱ्हाईल. म्हाकू ऱ्हायला तर मेंढरं कोण बघंल? लिंबा एकटा मरंल."

जे सुचत होतं, ते तिनं आधीच करून बघितल्यासारखं होतं. मग ती आणखी एक वाक्य बोलली. ते मी तेव्हा ऐकलं आणि ठेवून दिलं. पाखरीच्या कपाळावरचा भंडारा माझ्या तळहातावर लावून तिनं मला बिरोबाची आण घातली, की ती जिवंत असेतो हे कुणाला सांगायचं नाही. घोडीसाठी राहिली, एवढंच.

वाडा निघाला तेव्हा पाखरी ओरडली. दावं ताणून, मान उंच करून, परत परत. आत्या तिच्या गळ्यात हात टाकून उभी होती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, तिनं घोडीला धरून ठेवलंय. थोरले घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत मागं बघत होते.

तो पावसाळा गावाकडं कसा गेला, मला विचारू नका. पाण्यावर गेलं की बायका हसायच्या. सासूला घोडीला आंदण दिली म्हणायच्या. थोरली जाऊ त्यांच्याशी भांडायची. मी गप्प. रात्री म्हाकू विचारायचे, "आयेचं कसं चाललं आसंल गं?" आणि मी म्हणायचे, "बरं आसंल." तळहात मुठीत मिटून घ्यायचे. आभाळ भरून घाटाच्या बाजूला जायचं, आमच्याकडं चार थेंब टाकून. तिकडं किती पडत असेल, याचा अंदाज आम्हाला यायचा नाही. निरोप पाठवायला ओळखीचं कुणी जाणारं नव्हतं, येणारंही नव्हतं.

दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. थोरल्यांनी वाटेतले दोन मुक्काम गाळले. घाट उतरून शिगवणाच्या शेताशी आलो, तर बांधावर पाखरी चरत होती. अंग तुकतुकीत, पोट भरलेलं. आम्हाला बघून खिंकाळली आणि पळत आली. चारही पाय सरळ टाकत आली. म्हाकू मोठ्यानं हसले. "आये," त्यांनी हाक मारली. "आये, घोडी बरी झाली की गं."

धाकू घरातून बाहेर आला आणि पायरीवरच उभा राहिला. त्याच्या मागं पार्वती. तिनं पदर तोंडाला लावला होता.

आत्या आषाढात गेली होती. ताप आला, दोन-तीन दिवस चढत गेला, नदीला पूर होता म्हणून चिपळूणला नेता आलं नाही. वाडीतल्या माणसांनी बांधाच्या वरच्या अंगाला माती दिली. धाकूनं निरोप द्यायला माणूस घाटावर पाठवला होता. त्याला आमच्या गावाचं नाव ठाऊक नव्हतं, फक्त 'माणकडचे धनगर' एवढंच माहीत. तो पाटणपर्यंत गेला, दोन दिवस विचारत फिरला आणि परत आला.

थोरले ओट्यावर बसले. मग म्हणाले, "लई हाल झालं?"

"तापाचे नाय," पार्वती म्हणाली. "पायाचे. गुडघे वळतच नव्हते हो त्यांचे. विहिरीपर्यंत जायच्या घोडीला धरून. पयले पयले त्या घोडीला फिरवायच्या, मागून घोडीच त्यांना फिरवी. तुम्हाला ठाऊक आसंलच."

थोरल्यांनी तिच्याकडं बघितलं, मग म्हाकूंकडं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. त्यांना तेवढं पुरलं. ते उठून बांधाकडं गेले आणि अंधार पडेतो आले नाहीत.

धाकू म्हणत होता, पाखरीला इथंच राहू द्या. पण ती आमच्याबरोबर आलीच असती. तिला आता धरून ठेवणारं तिथं कुणी नव्हतं. आम्ही तिला घेऊन निघालो. पाठीवर हलकंच ओझं, दोन कोकरं आणि घोंगड्या. ती नीट चालत होती. पहिला मुक्काम झाला, दुसरा झाला. म्हाकू रोज संध्याकाळी तिचा खूर दाबून बघायचे आणि माझ्याकडं बघून मान डोलवायचे. मला डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं, पण मीही मान डोलवायचे.

खाडीच्या पुलाकडं जाणारी सडक लागली. पुलाशिवाय दुसरी वाट नसल्यानं त्या दिवशी मेंढरं आणि घोड्या एकत्रच चालल्या होत्या. उन्हं वर यायच्या आत पलीकडं जायचं म्हणून थोरले पुढून हाळी देत होते. माझ्या हातातलं दावं जड झालं. मागं बघितलं. पाखरीची मान वर-खाली व्हायला लागली होती.

मी कोकरं उतरवली, घोंगड्या उतरवल्या. तोवर आमच्यात आणि बाकीच्यांत मोठं अंतर पडलं. थोरले परत आले. पाखरीचा टेकवलेला पाय बघून ते सडकेच्या कडेला उभे राहिले, काठी दोन्ही हातांत धरून. दलालाचं नाव ते काढतील, असं मला वाटलं. त्यांनी काढलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. दुसरं काही करण्यासारखं त्यांच्याजवळही नव्हतं.

धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नाही. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि पाखरीकडं तोंड करून बोलले.

"आत्यानं निघायच्या दिशी मला एक सांगितलं व्हतं."

थोरल्यांनी काठी जमिनीला टेकवली.

"म्हणाली, मला चालता येत न्हाय आसं न्हाय हौसे. तुमच्यासंगं चालता येत न्हाय."

मागून एक बस आली. तिनं जोरात भोंगा वाजवला, मेंढरं पांगली, म्हाकू आणि बाकीचे धावाधाव करून त्यांना गोळा करायला लागले. थोरले जागचे हलले नाहीत. बस निघून गेल्यावर त्यांनी माझ्या हातातलं दावं घेतलं. इतक्या दिवसांत मी त्यांना घोडीचं दावं धरलेलं कधी बघितलं नव्हतं. ते बायकांचं काम.

पाखरीला घेऊन ते मेंढरांच्या कडेनं, कुत्र्यांच्या पुढून, लादलेल्या घोड्यांच्या पुढून चालत गेले आणि वाड्याच्या तोंडाशी थांबले.

"म्हाकू," त्यांनी हाक मारली. "हिच्या म्होरं कुणी जायचं न्हाय."

"आन पल्याडचा शेतकरी? त्यो वाट बघतोय दादा."

"बघू दे."

पाखरीनं पाय टाकला, मान खाली घेतली, दुसरा टाकला. तिच्यामागं थोरले, त्यांच्यामागं घोड्या आणि सगळी मेंढरं. ऊन चढलं, पूल तापला, तरी आम्ही पुलाच्या मध्यावरच होतो. म्हाताऱ्या माणसालाही सहज जमेल, अशी ती चाल होती. सगळा वाडा तसा चालत होता. कुणीही दमलं नव्हतं.